थंडी खालून चढते

साम्रदच्या त्या रात्री मी पहिल्यांदा घड्याळ पाहिलं तेव्हा पावणेबारा वाजले होते. मग सव्वा. मग अडीच. अडीचनंतर झोपेचा नाद सोडला आणि टेंटमध्ये उठून बसले.

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. भात काढून रिकाम्या झालेल्या खाचरात आमचे चार टेंट लागले होते आणि सकाळी सांदण दरीत उतरायचं होतं. अंगात थर्मल, त्यावर स्वेटर, कानटोपी, वर पिसांची चांगली स्लीपिंग बॅग. वरून मला थंडी वाजतच नव्हती. पोटावर हात ठेवला तर पोट ऊबदार लागायचं. पण डाव्या कुशीवर वळलं की खुब्यापासून मांडीपर्यंतचा भाग गार पडत जायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत ते हाड ठणकायला लागायचं. मग उजवी कूस. तिथेही तेच. उताणं मला झोपता येत नाही, लहानपणापासून नाही. खाली होती ती भाड्याने आणलेली निळी कॅरी मॅट. हेडटॉर्च लावून तिची कड चिमटीत धरली, तर दोन बोटं जवळजवळ एकमेकांना टेकली. तिच्याखाली टेंटचं कापड आणि त्याखाली भाताची धसकटं. एकेक धसकट मोजता येत होतं.

माझं वय सत्तेचाळीस. वीस वर्षं सह्याद्रीत फिरते आहे. देवळाच्या ओसरीवर, गुहेत, शाळेच्या व्हरांड्यात, जिथे जागा मिळेल तिथे आडवी झाले आहे. पूर्वी दगडावरही झोप लागायची. चाळिशीनंतर लागेना, तेव्हा मी ते वयावर ढकलून मोकळी झाले. आपण खाली काय घेऊन झोपतो याकडे मात्र कधी नीट पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही मुक्काम तिथेच होता. ज्यांच्या घरी जेवण सांगितलं होतं त्या मावशींनी सकाळी माझा चेहरा पाहून विचारलं, "झोप नाय झाली का ताई?" मी काय झालं ते सांगितलं. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांचा मुलगा डोक्यावर भाताच्या पेंढ्याचे दोन भारे घेऊन खाचरात आला. आम्ही टेंट उचलला, खाली वीतभर जाड पेंढा पसरला, वर टेंट पुन्हा मांडला. रात्री साडेनऊला आडवी झाले ती पाचला कोंबडा आरवल्यावर जागी झाले. मॅट तीच, बॅग तीच, थंडीही तेवढीच.

परतताना निफाडला माहेरी थांबले. आण्णांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "वरून किती का पांघरेनास, थंडी खालून चढते. आम्ही काय उगीच पाचटावर झोपायचो?" निफाडची थंडी बाहेरच्यांना पेपरातल्या आकड्यापुरती ठाऊक असते. तिथे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो. आणि शेतीची वीज रात्रीची. आण्णांनी उभा जन्म रात्रीचं पाणी भरलं. एक वाफा भरेपर्यंत जो वेळ मिळायचा तेवढ्यात ते बांधावर उसाचं पाचट अंथरून, त्यावर बारदान टाकून, घोंगडी घेऊन डोळा लावायचे. पाचट नसलं तर घोंगडी निम्मी खाली, निम्मी वर.

"आणि घोंगडी निम्मी करून पुरेना, तर?" मी विचारलं.

"तर सगळी खाली," आण्णा म्हणाले.

हे वाक्य घेऊन मी नाशिकला आले आणि रीतसर वाचायला बसले. त्याला कारणही होतं. वर्षअखेरीला उत्तराखंडात केदारकंठाला जायचं आम्ही पाच जणींनी ठरवलं होतं. तिथे टेंट बर्फावर लागणार आणि पेंढ्याचे भारे घेऊन कुणी येणार नव्हतं.

कारण कळलं ते असं. स्लीपिंग बॅगची ऊब म्हणजे तिच्यातल्या पिसांमध्ये अडकलेली हवा. आपण आडवे झालो की अंगाखालची पिसं वजनाने चपटी होतात, हवा निघून जाते आणि पाठीखाली जवळजवळ नुसतं कापड उरतं. तिथून पुढे जमीन अंगातली उष्णता थेट ओढून घेते. जमीन केवढी, आपण केवढे! रात्रभर अंगाने तापवली तरी ती तापत नाही. भाताची काडी आतून पोकळ असते, काड्या एकमेकींवर आडव्यातिडव्या पडतात आणि माणूस झोपला तरी पुरत्या दबत नाहीत, म्हणून त्यांच्यातली हवा जागेवर राहते. बंद पेशींच्या फोमची मॅट हेच करते. तिच्यात असंख्य बारीक बुडबुडे असतात आणि प्रत्येक बुडबुड्याची हवा त्याच्यातच कोंडलेली असते. म्हणून ती फाटली, चिरली, तिला भोक पडलं तरी चालते. फक्त ती पुरेशी जाड हवी. माझी निळी मॅट तेवढी जाड नव्हती.

आणखी एक गोष्ट वाचली तेव्हा मी थबकले. स्लीपिंग बॅगवर जे तापमान छापलेलं असतं ते मोजताना तापवलेला पुतळा बॅगेत घालून मॅटवर झोपवतात. म्हणजे उणे पाचची बॅग उणे पाचला पुरते ती खाली बरी मॅट आहे असं धरून. आपण बॅगेवर दहा हजार रुपये घालतो आणि खाली भाड्याची बोटभरही नसलेली मॅट अंथरतो. इतकी वर्षं माझंही तेच चाललं होतं, आणि मी नव्या नव्या पोरींनाही "बॅग चांगली घे गं, मॅट कुठलीही चालते" असंच सांगत आले होते. याचं मला खरंच वाईट वाटलं.

मॅटची ऊब सांगणाऱ्या आकड्याला आर व्हॅल्यू म्हणतात. मॅट दोन पाट्यांमध्ये ठेवायची, एक पाटी अंगासारखी गरम, दुसरी जमिनीसारखी गार. गरम पाटी तेवढीच गरम राखायला किती वीज लागते ते मोजायचं. वीज जितकी कमी तितका मॅटचा आकडा मोठा. पूर्वी कंपन्या आपापल्या पद्धतीने मोजायच्या, त्यामुळे एकीचे तीन आणि दुसरीचे तीन सारखे असतीलच असं नव्हतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एफ ३३४० ही एकच पद्धत आखून दिली आणि मोठ्या कंपन्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे झाले. ढोबळ मानाने उन्हाळ्यात एक-दोन पुरतात, सह्याद्रीतल्या हिवाळ्याला दोन-तीन हवेत, पाणी गोठायच्या सुमाराला चार, आणि बर्फावर पाच-साडेपाचच्या वर असलेलं बरं. माझ्या सगळ्यांत कामी आलेली गोष्ट ही की एकीवर एक अशा दोन मॅट घातल्या तर त्यांच्या आकड्यांची सरळ बेरीज होते.

नाशिकमध्ये दोन दुकानांत मी हा आकडा विचारला. दोन्हीकडे उत्तर मिळालं, "जाड आहे ताई, थंडी नाही लागणार." जाडी वेगळी आणि ऊब वेगळी हे मला पुढे पैसे घालवून कळलं.

एप्रिलमध्ये मी हवा भरायची एक मॅट ऑनलाइन मागवली. साडेसहा सेंटिमीटर जाड, वजन अर्ध्या किलोच्या आत, घडी पाण्याच्या बाटलीएवढी, किंमत दोन हजारांच्या खाली. तिच्या पानावर आर व्हॅल्यू कुठेच नव्हती, नुसतं "सर्व ऋतूंसाठी" लिहिलं होतं. हॉलमध्ये फुगवून कुशीवर झोपले तर खुबा कुठेच टेकेना. एप्रिलच्या उकाड्यात आणखी काय कळणार? मी खूश होते.

मधे पावसाळ्यात एका मैत्रिणीकडून आपोआप फुगणारी मॅट आणून पाहिली. हिच्या पोटात उघड्या पेशींचा फोम असतो. झडप उघडली की फोम ताठ होताना बाहेरची हवा आत ओढतो, वरून दोन फुंका मारल्या की झालं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिअॅटलमध्ये बोइंगची नोकरी गेलेल्या दोन अभियंत्यांनी ही कल्पना काढली, त्यातल्या एकाला ती बागेत काम करताना गुडघ्याखाली घेतलेल्या फोमच्या उशीवरून सुचली. थर्म-अ-रेस्ट नावाने ती मॅट आजही मिळते. मैत्रिणीची मॅट दुसऱ्या कुठल्याशा कंपनीची होती, पण बांधणी तीच. ऊब चांगली, उताणं झोपणाऱ्याला सुखाची. माझा खुबा मात्र तिच्या चार सेंटिमीटरमधून पार जाऊन फरशीला टेकला. आणि वजन जवळजवळ एक किलो. ती मी तिसऱ्या दिवशी परत केली.

नोव्हेंबरात साल्हेरला गेलो. १५६७ मीटर उंचीचा हा किल्ला, महाराष्ट्रातला सर्वांत उंच. गंगासागर तलावाजवळच्या गुहेत मुक्काम. वारा गुहेच्या तोंडावरून जात होता, आत फारसा येत नव्हता. मी ऐटीत माझी नवी मॅट फुगवली. हाडांना सुख होतं, अगदी गादीवर असावं तसं. पण तासाभरात पाठ गार पडली. साम्रदसारखी टोचणारी थंडी ही नव्हती, सगळीकडून सारखी, पाण्याच्या पिशवीवर झोपल्यासारखी. नंतर समजलं की नुसती हवा भरलेल्या मॅटमध्ये ही हवा आत फिरत राहते. अंगाशी तापते, खाली जमिनीशी निवते, पुन्हा वर येते. अडकलेली हवा ऊब राखते आणि मोकळी हवा ती वाहून नेते. पेंढ्यात आणि पोकळ मॅटमध्ये फरक एवढाच. म्हणून चांगल्या मॅटच्या पोटात कृत्रिम धाग्याचा किंवा पिसांचा थर घालतात, नाहीतर उष्णता परत फेकणारे चंदेरी पापुद्रे आडवे लावून हवेचे छोटे छोटे कप्पे करतात.

दीडच्या सुमाराला माझी कंबर गुहेच्या दगडावर होती. मॅट बसली होती. पुन्हा फुगवली, अडीचला पुन्हा बसली. उरलेली रात्र सॅक रिकामी करून ती कमरेखाली घेऊन काढली.

घरी आल्यावर ते भोक शोधायला बसले. मॅट घट्ट फुगवली, बालदीत कपड्यांच्या साबणाचा फेस केला आणि स्पंजने एकेका नळीवर तो पसरत गेले. पहिल्या फेरीत काही दिसलं नाही. दुसऱ्या फेरीत दिवाणखान्याचा पंखा बंद केला, खाली वाकून डोळा मॅटच्या पातळीला आणला. डावीकडून तिसऱ्या नळीच्या कडेला, शिवणीपासून बोटभर अंतरावर, फेसात मुगाएवढा एक बुडबुडा वर आला. फुटला, पुन्हा त्याच जागी आला. बॉलपेनने त्याच्याभोवती गोल काढला. पुसून कोरडं केल्यावर त्या गोलात काहीच दिसेना, इतकं बारीक भोक. मग माझ्या बुटाच्या तळव्यात रुतून बसलेलं बोराटीच्या काट्याचं टोक सापडलं. बूट पायात घालूनच मी गुहेत मॅटभोवती वावरले होते. हवा काढून ती जागा स्पिरिटने पुसली, सोबत आलेलं ठिगळ चिकटवलं आणि वर वरवंटा ठेवून रात्रभर सोडलं. त्या ठिगळातून आजवर हवा गेलेली नाही. ठिगळ लावणं अवघड नसतं, पण ते भर रात्री गुहेत, टॉर्चच्या उजेडात, साबणाशिवाय होत नाही. त्यामुळे बर्फावर केवळ हवेच्या भरवशावर जायचं नाही हे मी त्याच दिवशी ठरवलं.

आता मला काय हवं ते नेमकं कळलं होतं. खुब्यासाठी सात-आठ सेंटिमीटर उंची, ती पाठीवर नेण्याजोग्या वजनात हवेतूनच मिळते. ऊब पाच-साडेपाचच्या वर. आणि हवा गेली तरी रात्र निघेल असं काहीतरी खाली. म्हणजे दोन मॅट. खाली घडीची फोम मॅट, अंड्याच्या ट्रेसारखे उंचवटे असलेली, एका बाजूने चंदेरी. तिचा आकडा दोन, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. चंदेरी बाजू वर, अंगाकडे ठेवायची. तिच्यावर ऊबदार थर घातलेली हवेची मॅट, आकडा चारच्या वर. बेरीज सहा. दोन्ही मिळून वजन किलोच्या थोडं वर गेलं, आपोआप फुगणाऱ्या मॅटपेक्षा फार जास्त नाही. हवेच्या मॅटला अकरा हजार पडले. एवढे पैसे मी ट्रेकच्या वस्तूवर कधी घातले नव्हते. दोन दिवस विचार केला आणि मग घातले.

त्याआधी एक काम केलं, ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. हवेच्या मॅट बहुतेक ५१ सेंटिमीटर रुंद असतात, काही ६३-६४. मी बेडरूमच्या फरशीवर कागदी चिकटपट्टीने ५१ सेंटिमीटरची चौकट आखली, आत गोधडी घालून त्यावर झोपले. लेकीला सांगितलं, रात्री उठलीस की बघ मी कुठे आहे. सकाळी ती म्हणाली, "आई, तुझे गुडघे दोन्ही वेळा पट्टीच्या बाहेर होते." कुशीवर झोपून पाय पोटाशी घेणाऱ्याला ५१ पुरत नाहीत. लांबीचं उलट. मी पाच फूट दोन इंच, मला १८३ सेंटिमीटरची गरजच नव्हती. पण रुंद मॅट आखूड मिळेना, तेव्हा लांबीचे जादा ग्रॅम सोसले आणि रुंदी घेतली.

मॅट आली ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आमच्या घराला मागे गॅलरी आहे, जुनी शहाबादी फरशी असलेली. त्या फरशीवर डिसेंबरच्या रात्री अनवाणी उभं राहवत नाही. तिथे ओळीने तीन रात्री झोपले, तीच स्लीपिंग बॅग घेऊन. पहिल्या रात्री एकटी ठिगळाची जुनी मॅट, दुसऱ्या रात्री एकटी नवी, तिसऱ्या रात्री नवीखाली फोम. गॅलरीत ठेवलेल्या तापमापीवर पहाटे अकरा-बारा अंश होते, तिन्ही दिवस. जुनीवर मी तीन वाजता उठून आत आले. नवीवर सकाळपर्यंत झोपले. फोम घातल्यावर मध्यरात्री बॅगेची चेन उघडावी लागली.

याच तीन रात्रींत हवा किती भरायची ते कळलं. फुगवताना आपण दम संपेपर्यंत फुगवतो, मॅट लाकडासारखी ताठ होते आणि कुशीवर झोपलं की तिच्यावरून घरंगळायला होतं. घट्ट भरायची, तिच्यावर कुशीवर आडवं व्हायचं आणि झडप चिमटीत धरून थोडी थोडी हवा सोडायची. खुबा हळूहळू खाली जातो, खांदाही जातो, मान सरळ होते. आता तळहात खुब्याखाली, मॅटच्याही खालून सरकवायचा. हाड तळहाताला जाणवलं तर हवा जास्त गेली. बोटभर अंतर राहिलं की थांबायचं. मला हे जमायला दुसरी रात्र उजाडली, पण एकदा जमल्यावर खुब्याचं ठणकणं जे थांबलं ते आजतागायत. एक तक्रार आहे. आतल्या चंदेरी पापुद्र्यामुळे कूस बदलली की मॅट चुरचुरते. शेजारी हलक्या झोपेचं कुणी असेल तर त्याला त्रास होतो. मधे पातळ चादर घातली की आवाज कमी होतो.

केदारकंठाला आम्ही डेहराडूनहून सांक्रीला गेलो, दिवसभराचा गाडीचा प्रवास, आणि दुसऱ्या दिवशी देवदारांमधून चढून जुडा का तालाबला मुक्काम. टेंटखाली बर्फ होता, पायांनी तुडवून सपाट केलेला. इथे मी फुंकून हवा भरली नाही. श्वासातली वाफ मॅटच्या आत जाते, आतला थर दमट होतो, थंडीत गोठतो, आणि उंचावर एवढं फुंकल्यावर डोकं गरगरतं ते वेगळंच. मॅटबरोबर एक पातळ पिशवी येते. तिचं तोंड उघडून हवा पकडायची, तोंड गुंडाळायचं आणि पिशवी दाबायची. पाच-सहा पिशव्यांत मॅट भरते.

रात्री एकला जाग आली तर मॅट मऊ पडलेली. पोटात धस्स झालं, साल्हेर आठवलं. पण हे भोक नव्हतं. संध्याकाळी भरलेली हवा रात्री गार होऊन आकसते, एवढंच. चार फुंका मारल्या, पुन्हा झोपले. याच्या उलट दिवसा भरलेली मॅट उन्हात टाकून ठेवायची नाही. हवा फुगते आणि आतल्या शिवणी सुटतात. मग मॅटला एक टेंगूळ येतं आणि त्याला ठिगळ लागत नाही.

सकाळी आमच्यातली एकजण चहाच्या रांगेत गप्प उभी होती. ट्रेक नेणाऱ्यांनी दिलेली एकच पातळ मॅट तिच्याकडे होती, आणि तिची बॅग माझ्या बॅगेपेक्षा चांगली होती. रात्रभर पाय चोळत बसले, म्हणाली. संध्याकाळी वरच्या तळावर मी माझी फोम मॅट तिच्या मॅटखाली घातली. "अगं, तुझं काय?" ती विचारत राहिली. मलाही बघायचंच होतं. त्या रात्री पहाटे दोनला उठून १२,५०० फुटांवरच्या माथ्याकडे निघायचं होतं, त्यामुळे झोप चार-पाच तासांचीच. ती त्या वेळेत एकदाही उठली नाही. मी साडेबाराला उठले. पाठ ठीक होती, खुबा ठीक होता, पण जिथे सगळ्यांत जास्त भार येतो त्या नितंबाशी आणि खांद्याशी हलका गारवा जाणवत होता. चार आणि सहा यांतला फरक अंगाला कळला. जादाचे मोजे, जॅकेट, रिकामी सॅक असं जे होतं ते मॅटखाली सारलं आणि बूट घालायची वेळ होईपर्यंत निभावलं.

घरी आल्यावर हवेची मॅट झडप उघडी ठेवून दोन दिवस दोरीवर टाकली आणि मग कपाटाच्या वर न गुंडाळता सैल पसरून ठेवली. फोम मॅट पुसून संक्रांतीला निफाडला घेऊन गेले, आण्णांना दाखवायला. त्यांनी चंदेरी बाजूवर तळहात दाबून धरला, मिनिटभर तसाच ठेवला, मग उचलून गालाला लावला. "तापली," म्हणाले. आता ते पाणी भरायला जात नाहीत, भाऊ जातो. पण पहाटे ओट्यावर बसून शेकोटी राखतात. मी निघाले तेव्हा मॅट ओट्यावर होती, दोन घड्या केलेली, वर बारदान अंथरलेलं. मी काही मागितली नाही. फेब्रुवारीत दुसरी घेतली.